मॅडमच्या नावाखालच्या चार ओळी

"कुणासाठी चांगला?" एखाद्या खेळाला कुणी चांगला म्हटलं की मॅडम चष्मा वर सरकवून एवढंच विचारायच्या. समोरचा चाचरला की म्हणायच्या, "मग चांगला म्हणू नका. खेळताना काय झालं ते सांगा."

हिंगोलीत कॉम्प्युटरचे क्लास नुकते निघाले होते तेव्हाची गोष्ट. त्या अशाच एका क्लासात शिकवायच्या आणि मी शेजारच्या साप्ताहिकात पानं लावायचो. कॉम्प्युटरवरच्या खेळांबद्दल त्या आमच्याकडे दर आठवड्याला अर्धा रकाना लिहीत. संपादक आधी हसले होते, "पोरांच्या खेळाचं काय लिवता?" पण वाचणारे वाढत गेले.

कारण खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मॅडम एक अक्षर लिहीत नसत. जुन्या मशीनवर चालतो का, अक्षरं बारीक आहेत का, मधेच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का, सगळं त्यात असे. लोडशेडिंग सोसलेल्या तुम्हा मंडळींना या शेवटच्या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको. एकदा त्यांनी लिहिलं, 'हा खेळ एका हाताने खेळता येतो.' मी हसून विचारलं, "हे कुणाला पाहिजे, मॅडम?"

"असंल कुणाला तरी."

मग त्यांच्या आईला नांदेडला दवाखान्यात ठेवलं. त्या आठवड्यात मजकूर आला नाही. छपाईची वेळ झाली होती, रकाना रिकामा होता आणि टेबलावर एका नव्या खेळाची सीडी पडली होती. मी सीडीच्या खोक्यावरचं वाचून चार ओळी लिहिल्या आणि खाली मॅडमचं नाव टाकलं. 'कुणालाही सहज खेळता येईल.' त्यातला 'सहज' तर खोक्यावरही नव्हता. तो मी घातला.

मॅडम परतल्या त्या दिवशी आमच्या कार्यालयात बसल्या होत्या. तेवढ्यात साखरा गावचे एक कंपाउंडर आले. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीचा डावा हात जन्मापासून लुळा. मामाने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती मॅडमनी सांगितलेला तो एका हाताचा खेळ खेळायची.

"ताई, तुमी लिवलं म्हणून हा नवा खेळ बी आणला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पण याला दोन्ही हात लागतेत. चार दिवस झटून राहिली पोरगी. मी म्हणलं, खेळच तसा हाय. तर म्हणती, न्हाई बाबा, मॅडम खोटं लिवत न्हाईत. मलाच येत न्हाई."

मॅडमनी अंक मागून घेतला. वाचला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"माझं चुकलं, दादा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जीपने साखऱ्याला जाऊन आल्या. मला म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर चादर टाकलीय तिनं. मी सांगितलं, ते मी लिहिलंच नव्हतं. तिला वाटलं, मी तिची समजूत काढून राहिले. वडील म्हणाले, काल तर तुमी चुकलं म्हणलात."

"दुरुस्ती छापतो, मॅडम."

"छापा. माझं नाव मात्र आता कुठंच टाकू नका."

दुरुस्ती छापायला संपादक नाही म्हणाले. मीही पुन्हा विचारलं नाही. मॅडमनी नंतर एक ओळ लिहिली नाही. क्लासातली पोरं विचारायची, "मॅडम, कोणता खेळ घेऊ?" त्या म्हणायच्या, "मला न्हाई सांगता येत." वर्षभरात आईला घेऊन त्या नांदेडला गेल्या. पुढे काय झालं ते कळलं नाही. मी पत्र लिहायला बसलो होतो दोनदा.

बऱ्याच वर्षांनी आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात ते कंपाउंडर भेटले. केस पांढरे झाले होते. मुलीचं विचारलं तर म्हणाले, "हाय घरीच." मग म्हणाले, "त्या मॅडम म्हणत होत्या, ते त्यांनी लिवलंच नव्हतं. तुमी तिथंच कामाला होता. मंग लिवलं होतं कुणी?"

माझी सेनगावची जीप निघायच्या बेतात होती.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"व्हय, लई दिवस झाले," ते म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून त्यांनी जीपमध्ये ठेवली.