पहिले उघडणे

विजेच्या उपकेंद्रात पोहोचण्याआधीच त्या दुपारी मला जीप थांबवावी लागली होती. मांजरसुंब्याचा घाट मागे पडला होता आणि रस्त्यालगतच्या कापणी झालेल्या रानात मेंढपाळांचा तळ दिसत होता. शेतकऱ्याने खतासाठी मेंढ्या बसवायला ते रान दिले असावे. त्या रानातून आमची अकरा हजार व्होल्टची लाइन जात होती. एका खांबाला जमिनीकडे ताणून धरणारी तिरपी तार होती. तिचा आणि खांबाचा मिळून त्रिकोण होतो. त्या त्रिकोणात कोणीतरी लुगड्याची झोळी बांधली होती आणि झोळीत तान्हे मूल होते.

मी उतरून जवळ गेले. अशा तारेच्या मध्यावर चिनीमातीचा एक गोळा बसवलेला असतो. वरची वीज खाली उतरू नये, एवढेच त्याचे काम. या तारेत तो नव्हता.

“बाई, झोळी इथून सोडा,” मी तळावरच्या बाईला म्हणाले. “वरची तार तुटून या तिरप्या तारेवर पडली तर हिच्यात वीज उतरते.”

“आत्ताच निजलंय ओ बाई लेकरू. उठलं की सोडते.”

“उठायची वाट नका पाहू.”

“बरं बरं,” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. मी पुन्हा जीपमध्ये बसले.

माझे काम चाचणी विभागातले. उपकेंद्रातून निघणारी प्रत्येक लाइन एका सर्किट ब्रेकरमधून जाते. लाइनमध्ये बिघाड झाला की रिले नावाचे उपकरण तो ओळखते, ब्रेकरला उघडण्याचा आदेश देते आणि ब्रेकर उघडला की वीज तुटते. दार उघडले की वाट मोकळी होते. ब्रेकरचे नेमके उलट आहे, तो उघडला की वाट बंद. नव्या रिलेची आणखी एक सोय अशी, की आदेश दिल्यापासून ब्रेकर प्रत्यक्ष उघडेपर्यंत किती वेळ गेला हे तो दर वेळी नोंदवून ठेवतो. डॉक्टर नाडी पाहतात, तशी आम्ही ही नोंद पाहतो.

त्या दिवशी मी न कळवता गेले होते. नियंत्रण कक्षात बसून एकेका रिलेतली माहिती उतरवत असताना एका लाइनपाशी माझा हात थांबला. ती रानातून जाणारीच लाइन होती. तिचा ब्रेकर एकदा फार हळू उघडलेला, लगेच पुढच्या वेळी चपळ. मग बऱ्याच काळाने पुन्हा हळू, आधीपेक्षाही हळू, आणि पाठोपाठ पुन्हा चपळ. वार्षिक चाचणीत मात्र तो प्रत्येक वर्षी उत्तम उतरला होता.

“काका,” मी ऑपरेटरना विचारले, “चाचणीच्या दिवशी आम्ही येण्याआधी हा ब्रेकर कोणी चालवतं का?”

“म्या चालवतो की,” ते मोकळेपणाने म्हणाले. “तुमी येणार म्हणलं की सकाळीच एकदा बंद-चालू करून ठेवतो. पाव्हणे यायच्या आदी आंगण झाडतो न्हाई का आपण? तसं. आज तुमी सांगून आला न्हाईत, मंग कसं झाडावं?”

मी चौथीत असताना शाळा तपासायला साहेब येणार होते. आमच्या बाईंनी सकाळपासून एकच कविता आमच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतली, की अडखळायचे तेवढे आम्ही साहेब येण्यापूर्वीच अडखळून घेतले. साहेब खूष होऊन गेले. ऑपरेटरकाकांनी ब्रेकरच्या बाबतीत तेच केले होते. बरेच दिवस न हललेल्या यंत्रातले ग्रीस घट्ट होते; पहिल्यांदा उघडताना ते अडते, दुसऱ्यांदा मोकळे झालेले असते. लाइन तुटून जमिनीवर पडते तेव्हा मात्र ब्रेकरला सराव करायला कोणी वेळ देत नाही. तेव्हा असते ते पहिलेच उघडणे.

मी बाहेर पाहिले. पश्चिमेकडे मातीचा पिवळट पडदा चढत होता. वादळी वारे सुटणार होते आणि त्या खांबाखाली झोळी होती.

लाइन आत्ताच बंद करायला हवी होती. पण ती बंद करणे म्हणजेच तो ब्रेकर उघडणे, आणि हे त्याचे बऱ्याच दिवसांतले पहिले उघडणे ठरणार होते. मी वरिष्ठांना फोन लावला. “तुमच्या जबाबदारीवर,” एवढेच ते म्हणाले. तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. कोणीतरी गावात बातमी पोहोचवली होती. गावचे पुढारी बोलत होते. काकांनी फोन माझ्या हाती दिला.

“मॅडम, पाण्याची टाकी अर्धी भरली हाय. आजच कावून बंद करायलात?”

“ब्रेकर बिघडलाय, दादा.”

“लाइट हाय ना चालू? मंग बिघडला कुठं?”

“लाइट देणं हे त्याचं कामच नाही. तोडणं हे त्याचं काम आहे. तो तोडेल याची मला खात्री नाही.”

“लई शिकवायलात ओ तुमी,” ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी काकांना मुख्य ब्रेकरपाशी उभे केले. हा सगळ्या लाइनींच्या वरचा. तो उघडला की उपकेंद्रातून बाहेर जाणारी सगळी वीज थांबते. “मी ‘बंद’ म्हटलं की क्षणही दवडू नका,” असे त्यांना बजावले. मग रिलेमधून उघडण्याचा आदेश दिला.

ब्रेकर उघडताना धाडकन आवाज होतो. तो झाला नाही. पॅनलवरचा, लाइन चालू असल्याचे दाखवणारा तांबडा दिवा तांबडाच राहिला. काही क्षणांत जळक्या वार्निशचा उग्र वास आला. आदेशाची वीज घेऊन ब्रेकरला मोकळे करणारी छोटी कॉइल जळत होती.

“बंद!”

मुख्य ब्रेकर धाडकन उघडला. पंखा थांबला. बॅटरीवर चालणारे रिलेचे पडदे तेवढे उजळ राहिले. माझ्या पडद्यावर आदेशाची वेळ उमटली होती आणि उघडण्याचा रकाना रिकामा होता. पहिल्याच प्रश्नाला तो गप्प राहिला होता.

काका ब्रेकरकडे पाहत राहिले. “मॅडम,” ते हळूच म्हणाले, “म्या झाडत गेलो, अन् घाण दिसलीच न्हाई की कुणाला.”

वारा आला. पत्रे वाजले, खिडकीतून माती आत आली, कक्ष अंधारला. वाऱ्याचा जोर ओसरल्यावर आम्ही दोन्ही बाजूंचे स्विच ओढून तो ब्रेकर वेगळा केला आणि मुख्य ब्रेकर लावून बाकीच्या लाइनी सुरू केल्या. रानातून टाकीकडे जाणारी ही लाइन गावाजवळच्या जोडावरून शेजारच्या लाइनीवर घेता येणार होती. त्या लाइनीच्या ब्रेकरचे पहिले उघडणे वेळेत होते, हे मी रिलेत आधी पाहून घेतले. गावातल्या लाइनमनने जोड करून दिला. तरी वाऱ्यानंतर लाइन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चालू करायची नाही, हा माझा नियम. म्हणून शेजारची लाइन तेवढी पुन्हा बंद करून ठेवली आणि मी जीपने निघाले.

तार कुठेही तुटली नव्हती. सगळे खांब उभे होते. रानात पोहोचले तेव्हा काकांचा फोन आला.

“मॅडम, दादा हितंच येऊन बसलेत. म्हणतात, वारं आलं अन् गेलं, काय तुटलं? चालू करू का? पाच मिनिटांत करतो म्हणून सांगून बसलोय म्या.”

मी खांबाकडे पाहिले. त्रिकोणात झोळी होती.

“थांबा, काका. अजिबात करू नका.”

मी धावतच गेले. “बाई, सोडा म्हटलं होतं ना?”

“सोडली होती की!” ती तितक्याच ठामपणे म्हणाली. “तुमी गेल्या गेल्या सोडली. मंग त्या हिरीवरली मोटर बंद पडली. म्हणलं लाइट गेली. तुमीच म्हणला न्हाई का, वीज उतरती म्हणून? वीजच न्हाई तर उतरंल काय? म्हणून पुन्हा बांधली.”



“वीज आता येणार आहे,” मी म्हणाले. “मी सांगेन तेव्हा येईल. आधी सोडा.”

तिने मूल उचलून माझ्या हातात दिले आणि गाठीला भिडली. ओझ्याने गाठ आवळली होती. बोटांना दाद देईना, तशी तिने दात लावले. फोनमध्ये काकांच्या मागून पुढाऱ्यांचा आवाज येत होता, “विचारा की, कितीक वेळ?” काका म्हणाले, “मॅडम?”

“थांबा.”

गाठ सुटली. लुगडे तिने खांद्यावर टाकले, मूल माझ्याकडून घेतले आणि बांधाच्या बाभळीकडे चालू लागली. ती तिथे पोहोचेपर्यंत मी तारेपाशी उभी राहिले, मग मागे सरले.

“करा चालू.”

थोड्या वेळाने विहिरीवरच्या मोटरचा आवाज आला. बाई बाभळीला झोळी बांधत होती. तिने हात थांबवून आधी मोटरकडे पाहिले, मग त्या तिरप्या तारेकडे. मूल अजून झोपलेलेच होते.