शेटेवहिनी 'बरं' म्हणाल्या

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर मी शेटेवहिनींचं नाव घेतो. त्यांना ओळखणारे लोक मग माझ्याकडे जरा निरखून पाहतात. कारण वहिनी उपकारांसाठी प्रसिद्ध नव्हत्या. त्या कुणालाही माफ करत नसत, यासाठी प्रसिद्ध होत्या.

इथं परदेशात, पापाकुरा नावाच्या उपनगरात, आमच्यापासून दोन घरं सोडून त्या राहत. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे आमच्या दूध-पावाच्या दुकानात, मालकानं एकदा त्यांना चार गिऱ्हाइकांसमोर बजावलं की टोमॅटो दाबून पाहू नका. त्या दिवसापासून वहिनी दूध आणायला स्टेशनपलीकडच्या दुकानात जाऊ लागल्या. येताना मात्र मुद्दाम याच दुकानावरून यायच्या, दुधाची बाटली मालकाला दिसेल अशी धरून. पाऊस असो, दक्षिण ध्रुवाकडून येणारा बोचरा वारा असो. "वहिनी, किती वर्षं झाली, विसरा की आता," असं मी एकदा म्हणालो. त्या म्हणाल्या, "विसरायला वेळ कुणाला आहे, भावजी?"

त्या कधी आरडाओरडा करत नसत. श्रीखंडासाठी दही टांगता टांगता त्यांनीच मला सांगितलं होतं, "राग असा फडक्यात बांधून टांगून ठेवायचा. पाणी गळून जातं. मग उरतो तो घट्ट असतो." अपमान दुसऱ्याचा असला तरी त्या तो स्वतःच्या फडक्यात बांधून घेत. आमचाही असाच घेतला.

इथल्या सरकारी शाळांना हद्द असते, तिला झोन म्हणतात. हद्दीतल्या मुलांना हक्कानं प्रवेश मिळतो. उरलेल्या जागांसाठी बाहेरच्यांच्या चिठ्ठ्या काढतात. माझी मुलगी ऋचा सातवीत जाणार होती आणि दोन स्टेशनं पलीकडच्या एका इंटरमीजिएट, म्हणजे सातवी-आठवीच्या, शाळेत तिनं मुलांचा वाद्यवृंद ऐकला होता. ती शाळा मुलांना शिकायला चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, देत असे. त्या दिवसापासून ती घरी झाडूची दांडी गुडघ्यांत धरून बसे. आमच्या झोनमधल्या शाळेत चेलो नव्हता, आणि तो विकत घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

मी घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत मला आठवीत घेतलं तेव्हा वडील हेडमास्तरांकडे पेढे घेऊन गेले होते. शाळेनं आपल्याला दारात उभं केलं की हात जोडून आभार मानायचे, एवढंच मला घरातून मिळालेलं शिक्षण. म्हणून ऋचाचा अर्ज द्यायला गेलो तेव्हा बायकोनं दूध पावडरीचे पेढे करून दिले. अर्ज घेतला जातोय, हेही मला पुष्कळ होतं.

ऑफिसातल्या बाईंनी डबा उघडून पाहिला आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. आम्ही अशा गोष्टी घेत नाही, म्हणाल्या. मागे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष उभे होते. त्यांच्या मुलालाही त्याच वर्षी सातवीत घालायचं होतं. ते पुढे होऊन बाईंना म्हणाले, "सॉरी, ही इज न्यू हियर." मग माझ्याकडे वळून मराठीत, "अहो, गावच्या सवयी सोडा आता." आणि त्यांनी आपला अर्ज पुढे केला. त्यावर शाळेजवळच्या त्यांच्या जुन्या घराचा पत्ता होता. ते घर भाड्यानं देऊन अध्यक्ष दोन महिन्यांपूर्वीच आमच्या भागात मोठ्या घरात राहायला आले होते. वास्तुशांतीला सगळं मंडळ जेवून आलं होतं. नवा पत्ता फक्त शाळेला ठाऊक नव्हता.

मी डबा उचलला. ऋचा बरोबर होती. गाडीत तिनं मला इंग्रजीत विचारलं, "बाबा, तू खायला कशाला नेलंस?"

चिठ्ठ्यांत तिचं नाव निघालं नाही. प्रतीक्षायादीत ती पहिली होती. कोजागिरीला मंडळात गेलो तर अध्यक्षांनी दारातच स्वागत केलं, "या, पेढेवाले." लोक हसले. मसाला दूध पिता पिता ते पुढे म्हणाले, "आता काय, तुमच्या झोनमधलीच शाळा? तिथं पोरं अनवाणी येतात हो." ऋचा शेजारीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मुलीनं ऐकलं?"

"ऐकलं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप विसळायला उठल्या. त्यांच्या यजमानांनी, शेटेंनी, पेपरातून मान वर काढली. "बरं म्हणाली का?" त्यांनी मला हळूच विचारलं, आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. वहिनींच्या 'बरं'चा अर्थ मंडळात सगळ्यांना ठाऊक होता.

मंडळाच्या दिवाळी फराळाचं काम वहिनींकडे होतं. बैठकीत सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "यंदा शाळेच्या ऑफिसातल्या बाईंना बोलावलंय. अध्यक्षांच्या घरी. त्या येते म्हणाल्या. पत्ता आहे म्हणे त्यांच्याकडे."

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "ते घर जरा लहान पडेल, वहिनी."

"मग नव्या घरी ठेवू या? तसं कळवते बाईंना."

"नको, नको. जुनंच ठीक आहे."

त्या घरात आता टोंगा बेटांवरून आलेलं एक टोंगन कुटुंब राहत होतं. भली माणसं, दुपारपुरती बैठकीची खोली दिली त्यांनी. त्यांची आजी मात्र आपल्या खुर्चीवरून उठली नाही. मांडीवर ताटली घेऊन चकल्या खात ती अध्यक्षांकडे पाहत होती. भिंतीवर तिच्या नातवंडांची लग्नं होती, पांढऱ्या कपड्यांतली चर्चची गायकमंडळी होती. ऑफिसातल्या बाई एकेका फोटोपुढे थांबत गेल्या. शेवटच्या फोटोपाशी वळून त्यांनी अध्यक्षांना अगदी गोड आवाजात विचारलं, "यात तुम्ही कुठले?"

अध्यक्ष हसले. कुणीच त्यांच्याबरोबर हसलं नाही. तेवढ्यात वहिनींनी त्यांच्या हातात पेढ्यांचं ताट दिलं. पेढे माझ्या बायकोच्या हातचे होते. "द्या ना बाईंना. आणि सांगा, आपल्याकडे पेढे का देतात ते. तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

त्यांना सांगावं लागलं. आमच्याकडे आनंद झाला की देतात, आभार मानायचे असले की देतात, त्यात मागणं काही नसतं, असं कपाळाचा घाम पुसत ते सांगत होते. बाईंनी एक पेढा खाल्ला, दुसरा घेतला आणि मला मानेनं नमस्कार केला. इतकं गोड मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही, आणि त्या दिवशी मी पेढ्याला हातही लावला नव्हता.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी अर्ज मागे घेतला. रिकामी झालेली जागा ऋचाला मिळाली. फेब्रुवारीत, इथलं शाळेचं वर्ष सुरू झाल्यावर, ती चेलो पाठीवर घेऊन गाडीत चढली तेव्हा मागून फक्त तिचे पाय दिसत होते.

अध्यक्षांचा मुलगा आमच्या झोनमधल्या शाळेत गेला. महिन्याभरात तो बूट हातात घेऊन अनवाणी घरी येऊ लागला, मजेत शीळ घालत. त्याचं काय चुकलं होतं, असं मी वहिनींना विचारलं होतं. त्याच्या वाढदिवसाला त्या स्वतः पुरणपोळ्या देऊन आल्या होत्या. "मुलांवर मी राग धरत नाही," त्या म्हणाल्या. "मोठी झाली की बघू."

पुढे शेटेंना ब्रिस्बेनला नोकरी लागली. विमानतळावर वहिनींनी ऋचाच्या गालावरून हात फिरवला आणि मला बजावलं, "डेअरीवाल्याकडून दूध घेऊ नका." त्यानंतर मी त्यांना लिहिलेलं हे पत्र.

सौ. शेटेवहिनींना सा. न. वि. वि.

ऋचा आता हायस्कुलात आहे. काल तिचा कार्यक्रम झाला. ती एकटीनं वाजवत होती तेव्हा सभागृहात खोकलासुद्धा ऐकू आला नाही. तुमची खुर्ची आम्ही रिकामी ठेवली होती.

आमच्या पुढच्याच रांगेत अध्यक्ष होते. मध्यंतरात ते वळले, हात पुढे केला आणि म्हणाले, "झालं गेलं विसरू या आता, पेढेवाले." ऋचाची आई माझ्याकडे पाहत राहिली. वहिनी, मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. मोठ्यांना उलटून बोलणं मला जमत नाही. मी त्यांचा हात हातात घेतला आणि तुमच्यासारखंच, तुमच्याच आवाजात म्हणालो, "बरं."

त्यांना रात्रभर झोप लागली नाही, असं कळतं.

दूध अजून स्टेशनपलीकडूनच आणतो.

आपला,
पेढेवाला