खिडकीखालचा माणूस

नाट्यगृहात सगळे त्यांना मावशी म्हणत. व्यवस्थापक त्यांच्याहून वयाने मोठा, पण तोही मावशीच म्हणायचा. डावीकडचं दार त्यांच्याकडे असे. तिकीट बघायचं, अंधार झाला की बॅटरीचा उजेड पायाशी धरून उशिरा आलेल्यांना खुर्चीपर्यंत पोचवायचं आणि कुणाचा मोबाईल वाजलाच तर त्याच्याकडे असं बघायचं, की त्याने ओशाळून तो बंद करावा. नवरा गेल्यावर घर खायला उठलं म्हणून त्यांनी हे काम धरलं आणि त्यात त्या रमल्या. राहायच्या धाकट्या बहिणीबरोबर. बहीण शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ. तिला उत्तर सापडलं की बरं वाटायचं, मावशींना प्रश्न सापडला की.

त्या वर्षी त्यांना असा प्रश्न एका संगीत नाटकाने दिला.

गोष्ट साधीच होती. रस्त्यावरचे दिवे लावणारा एक माणूस. समोरच्या माडीवर शिवणकाम करणारी एक बाई राहते, तिच्यावर त्याचा जीव जडतो. ती पहिल्याच अंकात त्याला सरळ सांगते, की माझ्या मनात तसं काही नाही. पण ऐकेल तो कसला! रोज संध्याकाळी तिच्या खिडकीखाली दिवा लावतो आणि गातो. थंडीत गातो, आजारी असला तरी गातो. ती खिडकी लावून घेते, तो आणखी वरच्या पट्टीत गातो. शेवटी ती शिवणयंत्र गाडीत घालून गावच सोडून जाते, आणि तो रिकाम्या खिडकीखाली उभा राहून शेवटचं गाणं म्हणतो. पडदा.

गाणी अशी, की ऐकताना अंगावर काटा यावा. पण पडदा पडला की प्रेक्षागृहाची सरळ दोन शकलं व्हायची. अर्धे उभे राहून टाळ्या पिटायचे, डोळे पुसायचे. अर्धे हाताची घडी घालून बसून राहायचे, नाहीतर गाणं संपायच्या आधीच मावशींच्या दारातून तणतणत बाहेर. “प्रेम म्हणे! छळ आहे हा सरळ सरळ.” एक तरुण जोडपं हातात हात घालून आलं आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडलं.

आत शिरणाऱ्याचा चेहरा बघून मावशी मनाशी अंदाज बांधायच्या, हा रडणार की चिडणार. आणि अंदाज साफ चुकायचा. एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ लहान मुलासारखा हुंदके देत होता. एक गोड चेहऱ्याची म्हातारी मात्र, “कुणीतरी वरून बादलीभर पाणी ओता रे त्याच्या डोक्यावर!” असं इतकं मोठ्याने बोलली, की गाणाऱ्या नटाची तान अडखळली.

“काय असेल गं?” मावशी जेवताना बहिणीला विचारायच्या. “तेच गाणं, तोच माणूस. मग कुणाला रडू येतं नि कुणाला राग, असं का? तू एकदा ये ना बघायला.”

“मी यायची नाही.” बहीण ताटातून डोकंही वर काढायची नाही. “का ते तुला चांगलं ठाऊक आहे, ताई.”

ते मावशींना ठाऊक होतं.

विशीत असताना त्या गाणं शिकायच्या. आवाज चांगला होता आणि गाण्याच्या बाईंची त्यांच्यावर विशेष मर्जी होती. क्लास वरच्या मजल्यावर, खाली निळं दार आणि समोर सायकलदुरुस्तीचं दुकान. त्या दुकानापाशी एक तरुण येऊन उभा राहू लागला. एक खांदा वर, एक खाली, मान किंचित कललेली. बोलला कधीच नाही. क्लास सुटला की थोडं अंतर ठेवून मागोमाग चालायचा आणि नुकतीच वर घोटलेली सुरावट शीळ घालून वाजवायचा. वर्षभर हे चाललं. दुकानातले लोक हसायचे. मग कुणीतरी घरी सांगितलं. भाऊ म्हणाला, “उगाच बोभाटा नको. क्लास बंद.” तो बंद झाला तो कायमचाच. बहीण तेव्हा शाळकरी होती. ताई घरात गाणं गुणगुणायचीही थांबली, हे तिने पाहिलं होतं, आणि त्या न बघितलेल्या माणसाला तिने आजवर माफ केलं नव्हतं.

मावशींचं मात्र इतकं सरळ नव्हतं. पुढे कित्येक वर्षं पाठीमागे शीळ ऐकू आली, की त्या वाट बदलायच्या. पण मनाच्या एका कोपऱ्यात आणखीही काहीतरी होतं, बहिणीलाही कधी न सांगितलेलं. आपल्यासाठी कुणीतरी वर्षभर उन्हातान्हात उभं राहिलं होतं. तो कुठे असेल, त्याला आपण आठवत असू का, असं संसाराच्या धबडग्यातही कधीमधी मनात येऊन जायचं. नाटक बघणाऱ्यांचे चेहरे त्या इतक्या निरखून बघत, ते कदाचित यासाठीच. आपण कुठल्या बाजूच्या, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

आणि एका दुपारच्या खेळाला तोच आला.

केस पांढरे, पोट सुटलेलं, हातात काठी. पण एक खांदा वर, एक खाली. मावशींनी तिकीट हातात घेतलं आणि ते उलटं धरून वाचत राहिल्या.

“आमच्या खुर्च्या कुठे आहेत हो?” त्याने विचारलं. सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होता, पण ओळखीची खूण म्हणून नाही. शेजारी बायको होती, हसऱ्या चेहऱ्याची, खाऊच्या पुड्या सांभाळत.

मावशींनी त्यांना जागेवर नेऊन बसवलं. पहिला अंक त्यांना दिसलाच नाही. मध्यंतर झालं, बायको चहा आणायला गेली, तो गुडघ्यांमुळे बसून राहिला. मावशी दार सोडून त्याच्याजवळ गेल्या.

“कसं वाटतंय नाटक?”

“गाणी फक्कड आहेत.” तो मोकळेपणाने म्हणाला. “पण हा माणूस! ह्याला घरी कुणी हटकत नाही का? असला उद्योग आम्हीही केलाय म्हणा, तरुणपणी. गाण्याच्या क्लाससमोर उभा राहायचो.”

“कुणासाठी?”

“होती एक मुलगी. खरं सांगू? चेहरा आता आठवत नाही. निळं दार आठवतं. सायकलवाल्याकडचा चहा आठवतो, झकास करायचा. मग ती यायची बंद झाली. लग्न जमलं असेल. महिनाभर मी तोंड पाडून बसलो, मग मित्र भटकायला घेऊन गेले. संपलं.”

मावशींना हसू फुटेल असं वाटलं आणि त्याच वेळी त्याची काठी उचलून लांब भिरकावून द्यावीशी वाटली.

“लग्न जमलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तिचं गाणं बंद केलं घरच्यांनी. तुमच्यामुळे.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मला नाही तर कुणाला माहीत असणार?”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्याला कळलं.

“पण मी... मी तर एक शब्दही बोललो नव्हतो हो तुमच्याशी.”

“तेच तर झालं. बोलला असतात, तर मला नाही म्हणता आलं असतं.”

तेवढ्यात बायको चहाचे पेले सावरत आली. “अहो, ओळखीच्या निघाल्या वाटतं?”

त्याने तिच्या हातातले पेले घेतले. घंटा झाली, आणि मावशी दारावर परतल्या.

दुसऱ्या अंकात त्यांनी रंगमंचाकडे पाठ केली आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. शेवटच्या गाण्याला बायको पदर, रुमाल, जे हाती लागेल त्याने डोळे टिपत होती. तो मात्र मान खाली घालून बसला होता. टाळ्यांना त्याचे हात उठले नाहीत.

बाहेर पडताना बायको म्हणाली, “इतकं प्रेम करणारं कुणी भेटायला नशीब लागतं, नाही का हो मावशी?”

मावशींनी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, “नाही गं. नशीब कसलं! त्या बाईला यंत्र गाडीत घालून पळावं लागलं, ते दिसलं नाही का तुला?”

तो मावशींकडे वळला. “अजून गाता?”

“नाही.”

“माझ्या कधी डोक्यातच आलं नाही,” तो म्हणाला. मग काठी बायकोच्या हातात दिली. “माफी मागतो, असं नुसतं म्हणून काय होणार?”

“फार काही होणार नाही,” मावशी म्हणाल्या. “पण म्हणा.”

त्याने म्हटलं. बायकोसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, नीट हात जोडून. मग दोघं हळूहळू पायऱ्या उतरून गेली. बायको वाटेत त्याला काहीतरी विचारत होती आणि तो सांगत होता.

मावशींनी घरी जाऊन सगळं सांगितलं. बहीण आधी लाल झाली. “चेहरा आठवत नाही म्हणाला? आणि चहा आठवतो?” मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसू आवरेना. हसता हसता मावशी रडल्या. त्या माणसासाठी नव्हे. कोपऱ्यात जपून ठेवलेलं काहीतरी इतक्या वर्षांनी उघडून बघावं आणि आत चहाचा वास निघावा, याचं ते रडू होतं. दोन-चार दिवस त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग एके दिवशी बाजारात कुणीतरी मागून शीळ घालत गेलं आणि आपण भाजी निवडतच राहिलो, हे त्यांच्या बरंच उशिरा लक्षात आलं.

नाटकाचे प्रयोग संपायच्या आधी बहीण आपणहून म्हणाली, “चल, बघू तरी काय आहे ते.” त्या दिवशी मावशींनी सुटी घेतली आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसून नाटक पाहिलं. बहीण चिडणार याबद्दल त्यांची खात्री होती.

बहीण रडली. तेही भलत्याच ठिकाणी, जिथे आजवर कुणीही रडलं नव्हतं. दुसऱ्या अंकात दिवेवाल्याची आई क्षणभर येते. तिला गाणं नाही. ताट झाकून ठेवते, दारात जाऊन रस्त्याकडे बघते आणि आत निघून जाते.

“अगं, तुला हिच्यासाठी रडू आलं?” मावशींनी कुजबुजत विचारलं.

“तिच्याकडे कुणी बघतच नाहीये,” बहीण नाक पुसत म्हणाली. “तू तरी पाहिलंस का कधी?”

मावशींनी खरंच पाहिलं नव्हतं. दिवेवाला आणि शिवणवाली, यांच्यापलीकडे त्या नाटकात आणखी कुणी आहे, हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या पुढे सरकून बसल्या, आणि आता उरलेल्या प्रवेशांत ती आई पुन्हा कुठे दिसते का, ते शोधू लागल्या.