पाटोद्याची लाल ओळ

बीडमधल्या एका सहकारी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी संगणक विभागात लागले, तेव्हा तो विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि काचेच्या कपाटात घरघरणारा सर्व्हर, एवढाच होता. जिल्हाभरच्या शाखांमधले सगळे संगणक त्या सर्व्हरला जोडलेले. कुठल्या संगणकात सुरक्षेची कुठली दुरुस्ती बसलेली नाही, हे तो शोधून दाखवायचा आणि मी ती दुरुस्ती इथून पाठवायची. या दुरुस्त्यांना आमच्यात पॅच म्हणतात. परळीला घरी गेल्यावर आईला सोपं करून सांगावं म्हणून मी 'ठिगळ' म्हणाले, तर ती खिडकीवरची वीज केंद्राची राख पुसता पुसता म्हणाली, "एवढं शिकून ठिगळंच लावतीस व्हय?"

सकाळी आल्यावर मी आधी शाखांची स्थिती बघायची. ज्यांच्यात सगळं बसलंय त्यांची ओळ हिरवी, बाकीच्यांची लाल. परळी हिरवी असायची. नेकनूर जरा रेंगाळायचं, पण तेही हिरवं व्हायचं. पाटोदा मात्र रोज लाल. मी पाठवलेलं तिथं पोचायचं, अर्धवट बसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मी फोन लावला. उचलला तो शाखेतल्या जुन्या रोखपालांनी. त्यांना सगळे मामा म्हणायचे.

"मामा, दुरुस्ती रात्री बसते, संध्याकाळी जाताना संगणक चालू ठेवा, असं कळवलं होतं ना?"

"कळलंय की ताई."

"मग?"

"न्हाई ठेवत."

आवाजात राग नव्हता, टाळाटाळ नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पाटोद्याची एसटी धरली.

शाखा खताच्या दुकानावर, जिन्यानं वर गेलं की. मामा म्हणजे पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि अंगानं काडी. काम संपल्यावर ते काय करतात ते मी मुद्दाम थांबून पाहिलं. त्यांनी प्रत्येक प्लगला हाताची मागची बाजू लावून बघितली आणि मग मेन स्विच खाडकन खाली ओढला. माझी अर्धवट दुरुस्ती त्या खाडकन आवाजात रोज बुडत होती.

मी परळीची. चिडले की माझी बोली बाहेर येते. "मामा, कावून बंद करता वो रोज?"

मामा हसले. "तुमी इकडच्याच हाय की! मला वाटलं, पुण्याच्या असताल." मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माझ्या भावाचं कापडाचं दुकान होतं. कुलूप लावून घरी आला. आत वायर तापली. सकाळी मी गेलतो, तर शटरला हात लावता येईना, एवढं गरम. आत कायच उरलं न्हाई ताई. तवापासून बंद खोलीत लाईट चालू ठिवायची म्हणलं की मला झोप लागत न्हाई."

संगणक रात्री चालूच ठेवायचे, असा मुख्य कार्यालयाचा लेखी आदेश माझ्या पिशवीत होता. तो मी बाहेर काढला नाही. विचारलं, "दुपारी जेवायच्या सुट्टीत चालेल का? तुम्ही समोरच असाल."

"माझ्यासमोर चालू द्या की. मी बघत बसतो."

त्यानंतर मामा संगणकासमोर डबा खायला लागले. पहिल्याच दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, पडद्यावर 'बंद करू नका' असं आलंय. मी हात धुवायला जाऊ का?"

"जा मामा, ते तुम्हाला नाही म्हणत."

"न्हाई, इचारलेलं बरं."

पाटोदा हिरवं झालं. फोन मात्र चालूच राहिले. आज मशीन उशिरा उठलं, आज पंखा कण्हतोय, आज भाजी खारट झाली, सगळं एका दमात. माझ्या सर्व्हरला नुसतं बसलं की नाही एवढंच कळायचं. बसल्यावर काय झालं ते मामा सांगायचे. म्हणून मी नवीन दुरुस्ती आधी पाटोद्यालाच पाठवू लागले. तिथं एक-दोन दिवस सुरळीत गेले की मग बाकीच्या शाखांना.

एका बाजाराच्या दिवशी मामांचा फोन आला, आणि भाजीचा विषय निघाला नाही. "ताई, कालचं बसलं, पर पासबुकावर अक्षरं उमटंनात. डबे येतेत."

"कसले डबे?"

"चौकोनी. रिकामे. नावाच्या जागी बी डबे."

मी आधी बाकीच्या शाखांना जाणारी ती दुरुस्ती थांबवली. मग इथूनच पाटोद्याची काढून टाकायला गेले, तर तिथली लाईन सारखी तुटत होती. पुन्हा एसटी. मांजरसुंब्याला बस थांबली तेव्हा मी उतरून पळत जावं की काय, असं मला वाटत होतं.

शाखेत जिन्यापर्यंत माणसं. मामांच्या खुर्चीवर, पंख्याखाली, एक म्हातारी धनगरीण बसली होती. बाजारात मेंढ्या विकून तिनं पैसे भरले होते. पासबुक तिनं टेबलावर उताणं ठेवलं होतं आणि हात लावत नव्हती.

"ह्ये माझं न्हाई," ती मला म्हणाली. "पैसं माझ्या नावावर हायेत, डब्याच्या न्हाई."

"आजी, पैसे सुरक्षित आहेत. फक्त छपाई चुकलीय."

"मला वाचता येत न्हाई बाई. पर माझं नाव कसं दिसतं, ते मला ठाव हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, चल की घरी, उद्या ये!" मामा गर्रकन वळले. "का बे? तुझं नाव गेलं असतं तर तू गेला असता का?"

मी संगणकावर बसले. दुरुस्ती काढली, मशीन बंद करून चालू केलं. मामा लोकांना सांगत होते, "थांबा, ताई आलीय." त्या भरवशानं मला आणखीच घाम फुटला. नवीन पासबुक प्रिंटरमध्ये घातलं. करकर करत ते बाहेर आलं. म्हातारीनं पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, सावकाश, वेलांटीपाशी थांबत.

"हां. ही मी."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू नीट केलंस व्हय?"

"आजी, बिघडवलं पण मीच होतं."

"मंग नीट कोण करणार?" असं म्हणून तिनं पासबुक कमरेच्या पिशवीत खोचलं आणि ती उठली.

प्रिंटरवाल्यांनी पुढं नवीन सॉफ्टवेअर दिलं. त्यासोबत तीच दुरुस्ती पुन्हा पाटोद्याला पाठवली. दुपारी मामांचा फोन आला, "अक्षरं आली ताई. वेलांट्यासुद्धा." त्यानंतरच ती बाकीकडं गेली. त्या शाखांना यातलं काही कधी कळलं नाही.

मामा आता निवृत्त झालेत. नवीन दुरुस्ती मी हल्ली आधी नेकनूरला पाठवते. तिथली अधिकारी मुलगी हुशार आहे. दुपारपर्यंत तिचा निरोप येतो, 'ओके'. तक्रारीला जागाच नसते. तरी कधी कधी मी उलटा फोन लावते आणि म्हणते, "ओके म्हणजे कसं गं? जरा नीट सांग बघू."

पहिल्यांदा ती गोंधळली होती. आता सांगायला लागलीय.