फक्त उजव्या हाताचे लोक चालतील

मी माणसांच्या डोक्यांची चित्रं काढते. रंगांनी नाही, एमआरआयच्या नळीत झोपवून. दवाखान्यात हे यंत्र आजार शोधतं. आमच्या जर्मनीतल्या संशोधन संस्थेत मात्र धडधाकट माणसं येतात, आत पडल्या पडल्या सांगितलेलं काहीतरी करतात, आणि तेव्हा मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते आम्ही पाहतो. जर्मन लोक याला केर्नश्पिन म्हणतात. मूळ शास्त्रीय नाव ‘न्यूक्लिअर’पासून सुरू होतं, पण तो शब्द ऐकला की माणसं पळतात, म्हणून तो केव्हाच गाळून टाकला.

दोन हजार पंधराच्या सुमाराची गोष्ट. आमचं काम चाललं होतं लिहिण्यावर. येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक फ्रागेबोगन भरायला द्यायचे. लिहिता कुठल्या हाताने, कात्री कुठल्या हातात धरता, चमचा, चेंडू, काडेपेटीची काडी. ‘डावा’ जास्त वेळा आला की मी गोड हसून सांगायचे, माफ करा, आम्हाला फक्त उजव्या हाताचे लोक चालतात. डावखुऱ्यांचे मेंदू सगळे एकाच तऱ्हेने वागत नाहीत, आमची सरासरी बिघडते. कितीतरी भल्या माणसांना मी अशी दारातून परत पाठवली, आणि मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

त्याच दिवसांत सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे र्युसेल्सहाइमला आल्या होत्या. बाई प्रेमळ, हाताला चव, कुणाला टाकून बोलणार नाहीत. पण पान वाढणार ते शास्त्राप्रमाणे: डावीकडे मीठ, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. आणि जेवायचं उजव्याच हाताने. आमची चार वर्षांची लेक जन्माची डावखुरी. तिने डाव्या हाताने घास उचलला की सासूबाई तो हळूच काढून उजव्या हातात द्यायच्या. “डावा हात मांडीखाली ठेव बघू. शहाणी ना माझी ती?”

शहाणी हात मांडीखाली दाबायची, उजव्याने अर्धं जेवण सांडायची आणि “इश बिन साट,” पोट भरलं, म्हणून दोन घासांत उठायची. महिन्याभराने किंडरगार्टनमधल्या बाईंनी मला थांबवून सांगितलं की ती आजकाल चित्रं काढत नाही. खडू उजव्या मुठीत धरते, जरा वेळ बसते, मग ठेवून देते.

तरी मी गप्प. नवरा म्हणाला, “तीनच महिने तर आहेत, जाऊ दे ना.” मी जाऊ दिलं. का, ते सांगताना आजही स्वतःचा राग येतो. मीही तशीच हातावर बसून मोठी झाले होते, म्हणून. माझी आई हेच वाक्य म्हणायची, आणि तिने सोडलं तिथे शाळेतल्या बाईंची फूटपट्टी होती. सात वर्षांची होईपर्यंत मी उजवी झाले. सगळे म्हणाले, सुटली सवय. मलाही तसंच वाटायचं.

मग एका सकाळी यंत्राचं नवं सेटिंग तपासायला कुणीतरी आत जायला हवं होतं. माझी जर्मन सहकारी म्हणाली, तूच जा, तू उजव्या हाताने लिहितेस. मी जाऊन पडले. पोटावर फळी, हातात प्लास्टिकचं पेन, कारण लोखंड आत नेता येत नाही. वीस मिनिटं त्या ठकठकाटात मी न बघता अक्षरं गिरवली.

दुपारी चित्र तयार झालं. उजव्या हाताची सूत्रं मेंदूच्या डाव्या भागाकडे असतात, तेव्हा रंग तिथे दिसायला हवा. माझ्या चित्रात तो दोन्हीकडे होता. डाव्या हाताची जागा टक्क जागी.

“डावा हात हलवलास?” तिने विचारलं.

“नाही.”

“आल्झो, मग तू उमगेशुल्ट आहेस.” म्हणजे वळण लावून उजवी केलेली. “माझ्या वडिलांच्या वेळी इथल्या शाळांतही हेच करायचे. हे चित्र काढून टाकते, आपल्याला चालणार नाही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी डावी म्हणून चालले नाही, इथे पुरेशी उजवी नाही म्हणून चालत नाही, आणि तो नियम सांगणारी मीच. पण खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. आनंद झाला. चांगला खुनशी आनंद. तीस वर्षांपूर्वी मांडीखाली दाबला, पट्टीने सोलला, आणि हा आत बसून अजून लिहितोय. सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता.

“काढून टाकायचं नाही,” मी म्हटलं. “आणि मला याची एक प्रिंट हवी.”

घरी परतताना एस-बानच्या लोकल गाडीत तो कागद मांडीवर घेऊन बसले आणि ठरवलं, लेकीच्या डोक्यात हे भांडण मी लावू देणार नाही. परत पाठवलेले ते सगळे डावखुरेही आठवले, आणि माझ्या त्या गोड हसण्याची लाज वाटली.

संध्याकाळी पानं वाढली होती. लेकीने डाव्या हाताने वरणभाताचा घास उचलला, सासूबाईंचा हात पुढे आला.

“अहो आई, राहू दे,” मी म्हटलं. मग माझा उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्याने जेवायला लागले.

तीस वर्षांत त्या हाताने घास उचलला नव्हता. वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. लेक बघत राहिली, मग खुदकन हसली. “नाइन, मामा. झो.” म्हणजे, नाही आई, असं. आणि तिने डाव्या हाताची बोटं जुळवून, अंगठ्याने घास कसा पुढे ढकलायचा ते मला दाखवलं.

“अगं, हे काय नवीन?” सासूबाई म्हणाल्या.

मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. “नवीन नाही, आई. हे माझं डोकं आहे. लहानपणी मारूनमुटकून हात बदलला, डोकं बदललं नाही. ते बिचारं अजून दोन्हीकडून राबतंय. हिचं असं मी होऊ देणार नाही. तुम्हाला राग आला तरी चालेल.”

राग आलाच होता. चष्मा लावून त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. नवरा पानात बघत होता.

“मग हिचं पान काय उलटं वाढू?” त्यांनी विचारलं.

“पान तुमचंच राहू दे. हात तिचा.”

त्यांनी कोशिंबिरीचा चमचा उचलला आणि लेकीच्या पानात वाढली, डावीकडे, नेहमीच्या जागी. लेकीने ती डाव्या हाताने उचलली. सासूबाईंचा हात जागचा हलला नाही.