रजियाबीचा अस्सल ट्रक

नवापूरला हायवेच्या कडेला जहीरभाईंचं सीट-कव्हरचं दुकान आहे. ट्रकवाले थांबतात, रेक्झीन पसंत करतात, चहा पितात आणि सुरतेच्या वाटेला लागतात. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची बायको रजियाबी मशीनवर पोल्ट्री शेडचे ताडपत्रीचे पडदे शिवते. जन्म सगळा ट्रकच्या आवाजात गेला, पण ट्रक चालवणं राहूच द्या, केबिनमध्ये पायही ठेवायला मिळाला नाही, असं ती अधूनमधून ऐकवायची. जहीरभाई तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

मुलगी नमिरा लग्न होऊन सुरतेला गेली आणि तिथे नर्स म्हणून लागली. तिचा कॉम्प्युटर माहेरीच राहिला. ईदला आली तेव्हा तिने आईसाठी टेबलाला लावायचं स्टिअरिंग, पायाखालचे ब्रेक आणि ट्रक चालवायचा गेम आणला. परदेशातले रस्ते, दोन्ही बाजूंना बर्फ आणि मधोमध लांबलचक ट्रक.

खरं तर हाच गेम तिला फुकट मिळत होता. जहीरभाईंचे दोस्त भिला पाटील एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. घरी बसून करमेना म्हणून ते हाच गेम खेळत. कुणीतरी पेन ड्राइव्हवर उतरवून दिलेला. तोच द्यायला ते आले, तर रजियाबीने हात जोडले.

"भिलाभाऊ, आमच्या कव्हरची नक्कल करून कुणी विकलं तर आम्ही त्याला आठ दिवस शिव्या घालतो. मग तोच माल आमच्या घरात कसा चालेल?"

म्हणून नमिराने अस्सल आणला. डबा उघडला तर आत सीडीच नाही. एका कार्डावर नुसते आकडे आणि अक्षरं.

"हे म्हणजे मिठाईचा डबा फोडला आणि आतून हलवायाचा पत्ता निघाला," रजियाबी म्हणाली.

आकडे टाकल्यावर गेम नेटवरून उतरला. रजियाबीचा पाय मशीनच्या पायट्यावर तयार झालेला, त्यामुळे गाडी पळवणं तिला शिकवावं लागलं नाही. थांबवणं शिकवावं लागलं. पहिल्या आठवड्यात तिने दोन टोलनाके उडवले. मग हात बसला, आणि दुपारी पडदे बाजूला सारून ती बर्फात निघू लागली.

आणि एका घाटात ट्रक मधोमध थिजला. पडद्यावर पाटी आली: तुमचं खातं एकाच वेळी दोन ठिकाणी वापरलं जात आहे.

"दोन ठिकाणी कुठे? मी तर इथेच बसले!"

भानगड अशी होती. गेमच्या कंपनीला खेळणारा चोर नाही याची सतत खात्री हवी, म्हणून नेट कायम चालू ठेवावं लागे. ते नेट मोबाईलचं. आणि नवापूर पडलं दोन राज्यांच्या सीमेवर; तिथला मोबाईल खिडकीत ठेवला की गुजरातचा टॉवर धरतो, कोनाड्यात ठेवला की महाराष्ट्राचा. खाटेवर बसल्या बसल्या 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे' असे मेसेज नवापूरकरांना नवे नाहीत. आम्ही ते हसून पुसतो. कंपनी हसली नाही. तिच्या हिशेबाने रजियाबी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात क्षणात उड्या मारत होती.

कुलूप काढायला ओटीपी लागे. गेम नमिराने घेतलेला, म्हणून तो नमिराच्या फोनवर जाई.

"बेटी, ओटीपी सांग. माझ्या मागे गाड्यांची रांग लागलीये."

"अम्मी, मैं पेशंट को सलाइन लगा रही हूँ!"

"लाव, लाव. एका हाताने लाव."

असं रोज चालल्यावर कंपनीने खातंच बंद केलं. चालू करायचं तर आधी आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं होतं: खालील चित्रांपैकी ट्रक असलेली चित्रं निवडा. रजियाबीने विश्वासाने नवऱ्याला हाक मारली. जहीरभाईंनी चष्मा लावला.

"हा टँकर आहे. टँकर ट्रकमध्ये धरायचा का?"

"मला काय विचारता? सीट तर तुम्ही शिवता."

"सीट सारखीच असते. पण टँकरवाल्याला ट्रकवाला म्हटलं तर तो चिडतो."

त्यांचं ठरेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा टेम्पोवरून वाद झाला. तिसऱ्यांदा कंपनीने ठरवलं की ही माणसं नव्हेत.

भिलाभाऊ खुर्चीत बसून सगळं पाहत होते. त्यांना हसू आवरेना. "भाभी, मी फुकट लिधा, तं माले कोणी काहीच इचारत नही. तुम्ही पैसा दिधा, तं तुमलेच रोज इचारतस, चोर शे का म्हनीसन. हाई कोनता न्याय शे?"

रजियाबीला ते फार लागलं. गिऱ्हाइकाने कव्हर नेल्यावर आपण कधी त्याच्या मागे जाऊन सीटवर तोच बसलाय का ते बघतो का? त्या संध्याकाळी तिने ताडपत्रीत दोन सुया मोडल्या.

शेवटी नमिराने सुट्टीच्या दिवशी चिकाटीने खातं सुरू करून घेतलं आणि बजावलं, "अम्मी, अब एक ही टॉवर पे रहना."

एकच टॉवर मिळणारी जागा शोधता शोधता सापडली ती ललितच्या पोल्ट्रीत. ललित तिचं जुनं गिऱ्हाईक. गावाबाहेरच्या त्याच्या शेडवर फक्त गुजरातचा टॉवर लागे. रजियाबीने कॉम्प्युटर रिक्षात घालून तिथल्या ऑफिसात नेला. कोंबड्यांना रोग नको म्हणून फाटकाशी औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, ओल्या पायांनी आत जायचं आणि बर्फात ट्रक काढायचा. ललितची एकच अट होती.

"काकू, गाडी कितीबी चालाडा, पन हॉर्न वाजाडू नका. कोंबड्या बिचकतस."

त्यामुळे रजियाबी अख्खा परदेश बिनहॉर्नची फिरली. पुढची गाडी हलेपर्यंत निमूट मागे थांबायची. पोल्ट्रीतले कामगार दाणे टाकून झाले की मागे उभे राहायचे आणि बर्फ बघून हळहळायचे, "एवढ्या थंडीत पिल्लं जगतील का हो?"

पावसाळा सरता सरता नमिराचा फोन आला. जगभरच्या खेळणाऱ्यांनी कंपनीच्या नावाने इतकी बोंब मारली होती की कंपनीने ते सततच्या नेटचं कुलूपच काढून टाकलं होतं.

"माफी मागितली का?" रजियाबीने विचारलं.

"नही अम्मी. लिखा है, आता खेळण्याचा अनुभव आणखी सुखद."

"म्हणजे आधी सुखद होताच म्हणायचा," रजियाबी म्हणाली आणि तिने रिक्षा बोलावली.

कॉम्प्युटर घरी आला. नेट बंद करून तिने ट्रक सुरू केला, आणि पहिल्याच वळणावर मनसोक्त हॉर्न वाजवला. दुकानातून जहीरभाई धावत आले, त्यांना वाटलं गिऱ्हाईक आलं. मागोमाग भिलाभाऊही आले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

"भाभी, इंडिकेटर द्या ना. आते गिअर बदला. अहो, एवढी कडेले दाबीसन काय घेतस?"

रजियाबीने ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा केला.

"भिलाभाऊ," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली, "बोलनं व्हई तं उतरी जा."

भिलाभाऊंनी तोंडावर बोट ठेवलं. ट्रक पुढे निघाला.