प्रेमाने सांगायची गोष्ट

आमच्या चर्चमध्ये कुणाच्याही जिवाला लागेल असं काही करायचं ठरलं, की आधी डोळे मिटून प्रार्थना होते. मग 'प्रेमाने सांगू' असं ठरतं. हे सगळं ठरवणाऱ्या चर्चच्या कमिटीत मी सहा वर्षं बसले, म्हणून सांगते.

रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी एक बाई होती. माझ्यासारखीच नगरकडून या हिंदी मुलखात आलेली, मराठी बोलणारी. तिचा नवरा क्वायरचा प्रमुख. आवाज असा गोड, की म्हाताऱ्या बायका रुमाल काढायच्या. घरी हाच माणूस तिला मारायचा. आमच्या प्रेम नगर वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा ती हात प्लास्टरमध्ये घालून आली, तेव्हा पादरींनी तिच्या लवकर बरं होण्यासाठी प्रार्थना केली. हात कसा मोडला, हे विचारायचं सौजन्य मात्र कुणी दाखवलं नाही.

शेवटी तिने घर सोडलं आणि लक्ष्मी गेटजवळ एक खोली घेतली. तेव्हा मात्र कमिटी खडबडून जागी झाली. मुलांच्या मनावर काय परिणाम होईल! नवरा सोडलेल्या बाईने शिकवायचं? सेक्रेटरी मला म्हणाले, "बहनजी, आप दोनों मराठी हो. आप प्यार से समझा दीजिए." एरवी माझं मराठी ऐकून हसणाऱ्यांना त्या दिवशी ते एकदम कामाचं वाटलं.

आणि मी गेले. याची मला अजून लाज वाटते.

ती जमिनीवर बसून पुठ्ठ्याच्या मेंढ्या कापत होती, पुढच्या रविवारच्या धड्यासाठी. मला बघून कात्री खाली ठेवली.

"ताई, तुम्हाला पाठवलं ना?"

"तसं नाही गं. तू खूप दमलीस. थोडे दिवस आराम कर, असं सगळ्यांना वाटतं."

"मी दमलेली नाही." ती शांतपणे म्हणाली, "माझ्या नवऱ्याकडे कोण गेलं होतं सांगायला? आराम करा म्हणून?"

"कुणी नाही."

"मग आधी तिकडे जाऊन या."

तिने मला चहा विचारला नाही. बरं केलं. मी तो मुकाट्याने पिऊनही आले असते.

पुढच्या बैठकीला तिचा नवराही होता. मी म्हणाले, "मैं दोबारा नहीं जाऊँगी. भाई साहब यहीं बैठे हैं, पहले इनसे पूछिए कि इन्होंने हाथ क्यों उठाया."

समोसे खाणारे थांबले. पादरी खाली बघत म्हणाले, "बहनजी, यह घर की बात है."

"तो मुझे किसके घर भेजा था?"

तेवढ्यात नवरा उठला. डोळ्यांत पाणी, हात छातीवर. म्हणाला, "मैं सबको क्षमा करता हूँ." आणि त्या खोलीतल्या नऊ शहाण्या, सुशिक्षित माणसांनी 'आमेन' म्हटलं! मारणाऱ्याने माफी देऊन टाकली आणि प्रश्न मिटला. इतका स्वस्त देव यांना कुठे भेटला, कोण जाणे.

मी तिथेच कमिटी सोडली. कुणी थांबवलं नाही. उलट, सुटलो असंच सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रविवारी जाहीर झालं, की शिक्षिका 'निजी कारणों से' विश्रांती घेत आहेत. त्यानंतर तिच्या नवऱ्याने एकट्याने भजन गायलं.

तिने विश्रांती घेतली नाही. तिच्या खोलीवर मुलं पाठवायला त्यांच्या आयांनीच सुरुवात केली, आधी चार, मग बारा. मीही तिथे जाऊन बसू लागले. पहिले दोन आठवडे ती माझ्याशी बोललीच नाही, आणि मला त्याबद्दल तक्रार करायचा हक्क नव्हता.

वर्षअखेरीस पादरी स्वतः तिच्या दारात आले. गोड हसत म्हणाले, "बेटी, बच्चों की यह क्लास हम चर्च की रिपोर्ट में लिखवा दें? सबको अच्छा लगेगा."

ती दारातच उभी राहिली. "पहले उनको क्वायर से हटाइए, फिर लिखिए."

"हम इस पर प्रार्थना करेंगे."

"ज़रूर कीजिए," ती म्हणाली आणि दार लावून मुलांकडे वळली.